फळाची काटी

पांढरफळीचं कौतुक कुणी केलेलं मी आजवर ऐकलं नाही. देवाला तिचं पान चालत नाही, लाकडाचा धड खुंटा होत नाही, आणि सावली म्हणाल तर तिच्याखाली ससाच काय तो बसतो. नखाएवढी गोलसर पानं, खालून फिकी. फांद्या एकमेकींत अशा घुसलेल्या की कुठली कुठून निघाली याचा पत्ता लागत नाही, आणि बारक्यातल्या बारक्या काडीचं टोक म्हणजे काटा. एक फांदी धरून ओढली की सगळं झुडूप अंगावर येतं. माझ्या उजव्या पंजावर तिचे ओरखडे अजून दिसतात. नाती विचारतात, आजी, मांजर पाळलं होतंस का? मी हो म्हणते. एवढं सगळं कोण सांगत बसणार! पण आता हात कामातून गेलेत, बसायला वेळ आहे, म्हणून एकदा सांगून टाकते.

माझं माहेर नंदुरबारचं. वडील मिरचीच्या बाजारात मापाडी होते. मी मराठी चौथी झाले आणि घरी बसले. मिरची म्हणजे लाल ढीग, दिवसभराचा ठसका आणि संध्याकाळी वडिलांचे चुरचुरणारे डोळे, एवढंच मला ठाऊक. मिरची शेतात येते आणि गाडीत बसून बाजारात येते, मधे काही नसतं, अशी माझी समजूत. लग्न होऊन तापी उतरले आणि म्हसावदच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात आले, तेव्हा मधे काय असतं ते कळलं. मधे काटा असतो.

दिवाळी झाली की बाकीची वावरं रिकामी होत आणि गावची गुरं मोकळी सुटत. मिरची मात्र तेव्हाच लाल व्हायला लागलेली. म्हणून मिरचीच्या वावराला चारी बाजूंनी काट्यांचं कुंपण घालायचं. बाभळीचा काटा दिसायला मोठा, पण विरळ. शेळी त्यातून बरोबर तोंड घालते. पांढरफळीच्या गुंत्यातून कोंबडीसुद्धा जात नाही. तिची एक काटी, म्हणजे तोडलेली काटेरी फांदी, दुसरीत अडकवली की ती आपल्या आपण धरून बसते, दोरी लागत नाही. म्हणून सगळं गाव पांढरफळीच्या मागे हात धुऊन लागायचं. पुरुष कुऱ्हाडीने बुंध्याशी तोडत. आम्ही बायकांनी बेळक्याने, म्हणजे टोकाशी दोन फाटे असलेल्या लांब काठीने, त्या काट्या उचलून एकावर एक रचायच्या, पायाने नव्हे तर बेळक्यानेच दाबायच्या, आणि भारा वावराकडे ओढत न्यायचा.

पहिल्या वर्षी मी काटी हाताने ओढली आणि ती सगळी माझ्या लुगड्यात शिरली. सासू लांबून बघत होती. ती हसली नाही, आली आणि माझ्या हातात बेळकं देऊन म्हणाली, "काटीले ओढू नको वं, दाब. ओढशी तं आंगवर यी."

सासूने मला शिकवलेलं पहिलं काम ते. ती वाईट बाई नव्हती. पण तिच्या तोंडी माझ्यासाठी एकच शब्द असे, "ऊठ." पहाटे ऊठ, दळायला ऊठ, पाण्याला ऊठ, जेवून होतंय तोवर ऊठ. तिलाही तिच्या सासूने तेच म्हटलं असणार. त्या घरात बसलेली बाई म्हणजे आजारी बाई, अशी रीतच होती. थोरली जाऊ माझ्याआधी चार पावसाळे तिथे नांदत होती. ती म्हणायची की रात्री आडवं पडल्यावरही तिला कुणीतरी ऊठ म्हटल्याचं ऐकू येतं. जाऊ तोंडाने फटकळ, पण कामात माझं ओझं नेहमी थोडं आपल्याकडे ओढून घ्यायची. तेव्हा आमचं बरं होतं.

कुंपण म्हणजे एकदा घातलं आणि सुटलो, असं नसे. वाऱ्याने काट्या सरकत, वाळवी लागे, डुक्कर खालून मुसंडी मारी, आणि शेजारीपाजारी चुलीसाठी दोन-दोन काट्या उपसून नेत. रोज कुठेतरी भगदाड. ज्येष्ठ आला की उरलेलं वाळकं कुंपण चुलीत घालायचं, कारण पावसात भिजून ते कुजणारच. गावात कुठल्याच घरी आषाढाला काटी शिल्लक राहत नसे. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. वर्षाचं कष्ट वर्षाच्या शेवटी स्वतःच्या हाताने चुलीत सारायचं, याचा मला फार शीण येई. आमच्या ह्यांना एकदा तसं म्हटलं तर ते म्हणाले, भाकरीबी रोजच संपते.

माझं पहिलं मूल मुलगी. चालायला लागली होती, दोन-चार शब्द बोलायची. कुंपणाचेच दिवस होते. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि दिवस कलताना ती गेली.

एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आमच्या वावराच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे, दगडाळ बरड होतं. काही पिकत नाही अशी जमीन. गावातली लेकरं तिथेच ठेवत. तिथे बायकांनी जायचं नाही. वर माती, मातीवर दगड, आणि दगडांवर काटी, कारण कोल्हा आणि तरस उकरतात. काटी ठेवायचीही रीत आहे. बुंधा आत, त्यावर दगड, शेंडे बाहेर; म्हणजे जनावराला धरून ओढायला बुंधा सापडत नाही. हे सगळं मला ती गेली त्याच दिवशी कळलं. हे आणि दीर तिला घेऊन गेले. मी भिंतीला टेकून होते. सासू म्हणाली, मोठ्याने रडू नको, आई रडली की लेकरू मागे वळून बघतं. मी रडले नाही. रडायचं राहून गेलं, असंच म्हणायला हवं, कारण नंतर ते कधी जमलंच नाही.

हे परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात पाय धुताना सासूचं लक्ष त्यांच्या धोतराकडे गेलं. धोतराला पांढरी फळं चिकटली होती, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, पिकलेली. पांढरफळीला त्याच दिवसांत फळ असतं, पोरं ती वेचून खातात.

"फयनी काटी टाकी का रे तू?" सासूने विचारलं.

"अंधार पडी ऱ्हायंता, माय," हे म्हणाले.

"फयवर कोल्हा येस. इतलं बी कयत नही तुले?"

मग मला समजलं. लेकरावर फळाची काटी टाकत नाहीत. टाकायचीच तर फळं ओरबाडून टाकतात. फळासाठी पाखरं येतात, फळासाठी कोल्हा येतो, आणि आला की नाक खाली लावतो. हे गावातल्या कुणालाही ठाऊक. ह्यांनाही ठाऊक होतं. हाताला आली ती जवळची काटी तोडली त्यांनी, बस. ते उंबऱ्यावर बसले आणि धोतराची फळं एक-एक करून काढत राहिले. त्यांचा मला राग आला आणि कीवही आली. काय जास्त होतं ते सांगता येणार नाही.

सकाळी उठले तेव्हा मी बेळकं घेतलं. हे म्हणाले, "तठे बायासनी जावानं नही."

"मंग तुम्ही जा," मी म्हणाले.

ते जाऊ शकणार नव्हते हे मलाही दिसत होतं. सासूने मला जाताना पाहिलं आणि शेणाच्या पाटीकडे तोंड फिरवलं. तिने मला अडवलं नाही, हे तिचं माझ्यावरचं ऋण आहे.

बरडावर गेले. काट्या जागच्या जागी होत्या, दगड हलले नव्हते. पण बाजूला कोल्ह्याची ओली विष्ठा होती, तिच्यात पांढरफळीच्या बिया. म्हणजे तो येऊन गेला होता. फळं खाऊन गेला आणि काट्यामुळे पुढे जाऊ शकला नाही, की पुन्हा येणार होता, कोण जाणे. मी शेंड्यांवरची हाताला लागली ती फळं ओरबाडली, पण गुंत्यातली राहिलीच. मग वावरातून बिनफळाच्या काट्या आणून वर दाबल्या. हात फाटले. घरी आले तर सासू म्हणाली, गाय पान्हावली आहे, धार काढ.

त्यानंतर ते माझं कामच झालं. दळण, पाणी, शेण, धार, आणि बरडावरची काटी. कधी वाऱ्याने सरकलेली, कधी कुणी गुराख्याने चपलेने बाजूला केलेली. मी जायची, दाबायची, दगड ठेवायची आणि परत यायची. तिथे बसून मी कधी तिच्याशी बोलले नाही, गाणं म्हटलं नाही. लोकांना वाटायचं, शहरातली आहे, काळीज घट्ट आहे. काळीज बिळीज काही नाही, मी दमलेली होते. दुःख कुठे संपतं आणि थकवा कुठे सुरू होतो हे मला कळेनासं झालं होतं. कधी कधी वाटे, आज नको, उद्या जाऊ. मग संध्याकाळी डोंगराकडून कोल्हेकुई ऐकू आली की हातातली भाकरी परातीत तशीच ठेवून मी निघायची.

पुढच्या पावसाळ्यात दगडांच्या फटीतून रोपं आली. बारीक, गोल पानांची. कोल्ह्याने आणि पाखरांनी जे टाकलं होतं, ते उगवलं. मी ती उपटणार होते. सवयीने हात पुढे गेलाही. मग वाटलं, राहू दे, आपल्याला तेवढंच कमी काम. आणि खरंच तसं झालं. तीन-चार वर्षांत तिथे जाळी झाली. दगड दिसेनासे झाले. वाळकी काटी सरकते, उगवलेली सरकत नाही. एक दिवस मी बेळकं घेऊन गेले आणि पाहिलं की मला करण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. किती हलकं वाटलं! कुणाला सांगण्याची सोय नव्हती. लेकराच्या जागेवरून मी जवळजवळ आनंदाने परत येत होते, असं सांगितलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

हे मात्र बदलले. कुंपणाच्या दिवसांत पांढरफळीची काटी गाडीत टाकण्याआधी ते तिची फळं ओरबाडून काढू लागले. मिरचीच्या कुंपणाला फळ असलं काय आणि नसलं काय. दीर हसायचे. हे ओरबाडत राहत. मरेपर्यंत त्यांनी हे केलं.

मला पुढे दोन मुलगे झाले. दरम्यान दीर आणि हे वेगळे झाले. वावर मधोमध वाटलं गेलं आणि बरड दोघांच्या बांधावर आलं. सासू सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. जाऊ आता आपल्या घरची कारभारीण झाली, आणि कारभारणीला दुसऱ्याचं ओझं ओढून घेणं परवडत नाही. तरी आमचं बोलणंचालणं होतं. भांड्याला भांडं लागायचं, तेवढंच.

मग लढाईचे दिवस आले. रॉकेल मिळेना, आणि डोंगरातली तोड बंद झाली. पायथ्याला जंगलाचा शिपाई बसला. कुऱ्हाड दिसली की काढून घ्यायचा. डोंगरातल्या बाया गवताचे आणि काट्यांचे भारे घेऊन यायच्या आणि मिरची घेऊन जायच्या, त्याही येईनाशा झाल्या. गावाभोवतीची पांढरफळी तर केव्हाच खरवडून झाली होती. त्या वर्षी कुणाच्याच कुंपणाला धड काटी नव्हती. मोकळी गुरं मिरचीत शिरत आणि रात्री डुकरं. जाऊचं वावर नाल्याच्या कडेला, तिचं नुकसान सगळ्यांत जास्त.

एके दिवशी सकाळी मी वावरात होते. पाहते तर जाऊ आकडी आणि कुऱ्हाड घेऊन बरडावर उभी. माझ्या जाळीपाशी. मी धावत गेले आणि मधे उभी राहिले. तिने आकडी फांदीत अडकवलेलीच होती.

"बाई, याले नका हात लावू," मी म्हणाले.

"मन्ही निम्मी मिरची गुरेसनी खादी," ती म्हणाली. "मरेलले काटा नि जित्ताले नही, असा कोठला न्याव शे वं तुन्हा?"

मी हलले नाही. तिला काटा हवा होता हे मला दिसत होतं. तिची पोरं तिच्या मिरचीवर जगत होती, हेही दिसत होतं. पण माझ्या अंगात पुन्हा काट्या वाहायचं बळ नव्हतं. ती जाळी गेली तर मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, परत कोल्हेकुई, परत परातीतली भाकरी. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी फक्त म्हणाले, माझं लेकरू आहे तिथं.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुन्ही पोर आते तठे शे का? माटी व्हई गयी ती."

आकडी सोडवून ती निघून गेली. काटी तिने तोडली नाही. पण बोलली ते बोलली. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. एकमेकींकडून विस्तव आणणं बंद, पाण्याला एका वेळी जाणं बंद. सासू सहा महिन्यांनी आपलं गाठोडं घेऊन या घरून त्या घरी जायची, पण इकडचा शब्द तिकडे नेत नसे. तिचंही वय झालं होतं. आता ती मला ऊठ म्हणत नव्हती, पण मीच न सांगता उठायची. अंगाला वळण पडलं होतं.

त्या वाक्याचा राग मी पुष्कळ दिवस जपला. राग जपायलाही बळ लागतं, पण ते कसं कोण जाणे पुरत होतं. खरं म्हणजे मला लागलं ते एवढ्यासाठी की ते खोटं नव्हतं. तिथे काय उरलं असेल हे मला कळत नव्हतं का? पण ते आपण आपल्याशी म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याने आकडी हातात धरून म्हणणं वेगळं.

पुढच्याच्या पुढच्या श्रावणात पाऊस लागला तो थांबेना. नाल्याला पूर, पलीकडची वाट बंद. गावात तापाची साथ. जाऊचं शेंडेफळ, रांगायला लागलेला मुलगा, त्यात सापडला. सासू तेव्हा तिच्याकडेच होती. दुपारी तिकडून आवाज उठला आणि मी चुलीपुढे होते तशी उभी राहिले. हे निघून गेले. मी गेले नाही. जावं की न जावं, तिला माझं तोंड बघायला आवडेल की नाही, असं करत मी उंबऱ्याशी राहिले. मला ती दुपार सगळी आठवते, ओल्या लाकडांचा धूर घरभर झाला होता.

हे परतले ते नखशिखांत भिजलेले. त्यांच्या मागोमाग सासू आली, डोक्यावर पोतं घेऊन. ती सहसा आपल्या पाळीच्या मधे येत नसे.

"काटी कोठेच भेटनी नही," ती म्हणाली.

माझ्या लक्षात आलं. श्रावणात गावात काटी कुठून असणार? कुंपणं चुलीत गेलेली. डोंगर नाल्यापलीकडे. बरडावरची माती पावसाने लोण्यासारखी मऊ झालेली, दगड त्यात रुतून जाणारे. नुसती माती आणि वर दोन दगड ठेवून पुरुष परत आले होते. संध्याकाळ व्हायला आली होती.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. जाळी तिथून हाकेच्या अंतरावर. कुऱ्हाड ह्यांच्या हातात होती.

हे मान खाली घालून म्हणाले, दादा तोडणार होता, पण वहिनीने घरातूनच सांगून पाठवलं की त्या जाळीला हात लावायचा नाही.

"आते बी तेच म्हनी ऱ्हायनी," सासू म्हणाली आणि ओट्यावर बसली. ती मला काही सांगायला आली नव्हती, म्हणजे तिने काही सांगितलं नाही.

मी बेळकं काढलं, कुऱ्हाड ह्यांच्याकडून घेतली आणि निघाले. हे मागून आले. या वेळी बायकांनी जायचं नाही वगैरे कुणी बोललं नाही.

जाळीच्या बुंध्यावर पहिला घाव मीच घातला. हे म्हणाले, दे इकडे, तेव्हा दिली, कारण ओलं लाकूड मला तुटत नव्हतं. ते तोडत गेले आणि मी काट्या बेळक्यावर उचलून बाजूला रचत गेले. पाऊस होताच. एक-एक काटी निघाली तसे खालचे दगड दिसायला लागले. मी ठेवलेलेच होते, शेवाळलेले. मला वाटलं होतं की ते बघून मला काहीतरी होईल. झालं नाही. मी काट्या मोजल्यासारख्या रचत होते, बास.

मग हे थांबले. काटीला फळं होती. कोवळी, हिरवी, पण गच्च. ह्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, खाली बसले आणि फळं ओरबाडायला लागले. मीही बसले. गुंत्यात हात घालून प्रत्येक काडीवरून फळं काढायची, तीही ओल्या हातांनी, याला किती वेळ लागतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बोटांचं रक्त पाण्यात वाहून जात होतं. उजेड कमी होत होता. मी एकदा म्हणाले, राहू द्या आता, हिरवीच आहेत. ह्यांनी ऐकलं नाही.

चिखलात पाय वाजले. जाऊ होती. तिच्या पाठीमागे कुणी नव्हतं. सगळ्यांचा डोळा चुकवून आली असणार. तिने तोडलेली जाळी पाहिली, उघडे पडलेले माझे दगड पाहिले. मला वाटलं ती ओरडेल. ती माझ्यासमोर बसली, एक काटी पुढ्यात ओढली आणि फळं काढू लागली. काटी तिच्या दंडात शिरली. तिने ती दाबून सोडवली आणि पुन्हा हात घातला.

काट्या साफ झाल्या. हे आणखी दगड आणायला नाल्याकडे गेले. जाऊने सगळ्यांत मोठी, सगळ्यांत गुंत्याची काटी बेळक्यावर घेतली, वळली आणि माझ्या दगडांकडे गेली. बुंधा आत, शेंडे बाहेर. ती माझ्या मुलीवर काटी ठेवत होती. स्वतःचं लेकरू पलीकडे उघडं होतं आणि ती आधी माझ्या मुलीवर ठेवत होती.

मी तिचं बेळकं धरलं.

"तठे नको, बाई," मी म्हणाले. "तठे आते माटी शे. तुमना पोऱ्यावर टाका."

ते तिचंच वाक्य होतं. मी ते तिला टोचायला म्हटलं नाही, हे देव जाणतो. ते माझ्या तोंडून निघालं आणि निघता निघता मला कळलं की खरं आहे. माझी मुलगी तिथे नाही. केव्हाचीच नाही. इतकी वर्षं मी दगडांची राखण करत होते. मी चिखलात खाली बसले. बेळकं हातातून सुटलं आणि मी रडू लागले, ती गेली त्या दिवशी रडायला हवं होतं तसं, मोठ्याने, पावसातही ऐकू जाईल असं. लेकराने मागे वळून बघितलं तर बघू दे, असं मला वाटलं.

जाऊ उभी होती. रडायचा दिवस तिचा होता आणि रडत मी होते. मला लाज वाटली, मी उठायला लागले. काट्या तिच्या पोरावर घालायच्या होत्या, अंधार होत होता, काम पडलं होतं. मी चिखलात हात टेकून अर्धी उठलेही.

जाऊने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं.

"तू बस आते," ती म्हणाली. "मी दाबस."

आणि तिने काटी उचलली. मी बसून राहिले. लग्न होऊन त्या गावात आल्यापासून मला बस म्हणणारं पहिलं माणूस तीच.